सुसरीच्या कातड्यात

१३ जुलै, रविवार

दु. मंडळाची पोरं दुकानात. सूरज पुढे, बाकीचे त्याच्या पाठीशी. सूरज यंदा अध्यक्ष झालाय, त्यामुळे शर्ट आत खोचलेला. मी ट्रॅक्टरच्या सीटला टाके घालत होते. म्हणाला, काकी, गणपतीला जिवंत देखावा करायचाय, मगरीचा ड्रेस शिवाल का. मला वाटलं शाळेच्या गॅदरिंगसारखं काहीतरी असेल. पण त्यानं गोष्ट सांगितली. कृष्णेच्या डोहात कधीपासून निजलेली अवाढव्य सुसर. वाळू उपसणाऱ्या बोटींनी तिची झोप मोडते. ती उठते आणि गावात शिरते. गाव आपलंच, पण थर्माकोलचं, गुडघ्याएवढं. त्यातून माणूस सुसरीचं सोंग घेऊन चालणार, घरं तुडवणार.

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत हो म्हणून बसले. पोरं पण चमकली, काकी एवढ्या लवकर कशाला हो म्हणतात. हे गेल्यापासून दुकान मी चालवते. सीटा, कुशन, जीपची हूडं, ताडपत्र्या. राक्षस शिवायला आजवर कुणी सांगितला नव्हता.

आत्तींना सांगितलं. घरात सासू-सून दोघीच, दुसरं सांगायचं कुणाला. त्या म्हणाल्या, शिव की, गाद्या काय जन्मभर हायेतच.

१५ जुलै, मंगळ.

अण्णाला फोन, कोरेगावला. माझा थोरला भाऊ, फौजेतून सुभेदार होऊन आलेला, आता गुडघ्यांशी लढतोय. सुसर ऐकून एवढा हसला की वहिनीनं फोन ओढून घेतला, काय झालं म्हणून.

वहिनीला काय माहीत. मी दहावीत असताना अण्णा सुट्टीवर आला, येताना व्हिडिओ भाड्यानं घेऊन आला. त्यानं कुस्त्यांची कॅसेट मागितली होती, दुकानदारानं चुकून भलतीच दिली. लावली तर समुद्रातून एक राक्षस बाहेर आला. जपानी पिक्चर, बोलणं इंग्रजीत भरलेलं, आम्हाला दोन्ही सारखंच. सगळी आळी अंगणात. आई म्हणाली बंद कर, तिनंच शेवटपर्यंत बघितला. रबराच्या कातड्यात माणूस आहे हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं होतं, तरी पूल मोडला तेव्हा शेजारची काकू खरोखर उठून उभी राहिली.

पुढे अण्णा दर सुट्टीला त्या दुकानातून तसलीच कॅसेट आणायचा. मी लग्न होऊन इकडे आले, पिक्चर सुटले. आता मोबाइलवर सापडतात. दु. गिऱ्हाईक नसलं की बघते. आत्तींना वाटतं कीर्तन ऐकते.

२० जुलै, रवि.

पोरांना आज जुना जपानी पिक्चर दाखवला. त्यांचा प्रोजेक्टर, माझ्या घराची चादर, दुकानाची मागची भिंत. आधीच बजावलं होतं की कॉम्प्युटरचा नाही, माणसांनी अंगावर वागवलेला राक्षस आहे.

हसायला लागली. राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते, हसले. विमानाची तार दिसते, हसले. वैभव म्हणाला, काकी, हे तर आपल्या पोतराजापेक्षा साधं हाय. मग शहर पडायला लागलं. छोटी छोटी घरं, दिव्याचे खांब, आगगाडी, एवढीशी झाडं. कुणीतरी महिनोन् महिने बसून केलेली, आणि एका पावलात भुईसपाट. हसणं बंद झालं. राक्षस शेवटी पाण्यात परत जातो, जाताना मागं वळून बघतो, तेव्हा मागच्या बाकावरून कुणाचा तरी आवाज आला, "ह्येला उगच उठवला राव."

हेच मला त्यात लहानपणापासून आवडतं. राक्षस वाईट नसतो. झोपला होता, उठवला. रागावलाय, आणि त्याचा देह एवढा की रागावलं तरी मोडतोड होतेच. शिवाय खोटेपणा लपवत नाहीत ते लोक. माझ्या धंद्यात ज्याची शिवण दिसत नाही त्या मालावर मी भरवसा ठेवत नाही. इथे शिवण दिसते, आत घामाघूम झालेला माणूस आहे हे कळतं, आणि तरी आपण मागे सरकतो. कॉम्प्युटरच्या राक्षसाला घाम येत असेल असं कधी वाटलं नाही.

सूरज जाताना म्हणाला, असाच करायचा. चादर चुरगळून टाकून गेले, धुवायची माझ्याकडे.

२३ जुलै, बुध.

आष्ट्याला गेले. फोम, काळपट हिरवं रेक्झिन, डिंकाचा डबा. दुकानदारानं विचारलं कुठल्या गाडीचं काम. सुसरीचं, म्हटलं. त्यानं मान हलवली, बहुतेक नवीन मॉडेल समजला.

पाठीवरचे काटे आणि पाय ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून कापायचे. डोक्याला वेताची पाटी. डोळे ट्रॅक्टरचे मागचे दिवे. आत्ती बाजूला बसून काटे मोजायला लागल्या. शेपटीचं जमत नाहीये, जड होते, चालणाऱ्याला मागे ओढणार.

२७ जुलै, रवि.

शेपटी जमली. कमरेला जुना सीटबेल्ट, आत काथ्या कमी, फोम जास्त.

संध्या. पोरं बघायला आली. मापं कुणाची घ्यायची म्हटलं, तर वैभवला पुढे ढकलला. जिमला जातो, दंड आहेत. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, मीच घालते की. सगळे हसले. वाईट नाही हसले, काकी चेष्टा करतात म्हणून हसले. मीही हसले, आणि वैभवची मापं घेतली.

चेष्टा नव्हती. इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे म्हणणार. मला ती सुसर व्हायचंय. दहावीत असल्यापासून व्हायचंय. रबराच्या आत शिरून सावकाश एक पाऊल टाकायचं आणि सगळ्यांनी मागे सरकायचं. त्रेपन्नाव्या वर्षी असलं काही सांगितलं तर लोक डॉक्टरकडे नेतील.

वैभवची मापं घेतली खरी, पण खांद्याला आणि पायाला शिवण सोडून ठेवलीये. आत घेता येईल अशी.

३ ऑगस्ट, रवि.

मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात गाव उभं राहतंय. शाळा, पाण्याची टाकी, कारखान्याची चिमणी, उसाच्या जागी खराट्याच्या काड्या. घरांच्या आत कोंडा आणि राख भरायला मी सांगितलं. पाय पडला की धुरळा उडाला पाहिजे, धुरळ्याशिवाय घर पडल्यासारखं वाटत नाही.

गंमत अशी की आता ज्याला त्याला आपलं घर हवंय. आधी म्हणत होते अभद्र आहे, गाव मोडायचं म्हणजे काय. आता दूधवाला सांगून गेला, माझा गोठा पण घ्या. सरपंचीणबाईंचा निरोप, आमचं घर दुसऱ्या मजल्यासकट करा. फक्त तात्यांनी स्पष्ट सांगितलं, माझ्या घराला हात लावायचा नाही. तात्या म्हणजे आमच्या आळीतलं वडीलधारं माणूस. आळीत कशालाही नाही म्हणायचा मान त्यांचा. त्यांचं घर केलं नाही.

९ ऑगस्ट, शनि. राखी

अण्णा आला. गुडघा धरत रिक्षातून उतरला, राखी बांधून घ्यायच्या आधी दुकानात जाऊन सुसर बघितली. डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, मान थोडी पुढं घे, म्हातारीगत, लय जुनं जनावर हाय त्ये. बरोबर होतं. मान उसवली.

दु. पोरं शेवट ठरवायला आली. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी फौज येते, दोन रणगाडे, फटाके, सुसर धाडकन पडते, भारतमाता की जय. अण्णा चिडला. आम्ही बघितलेल्या राक्षसाच्या कुठल्याही पिक्चरमध्ये सैन्य जिंकत नाही हे त्याचं सगळ्यात आवडतं. स्वतः सुभेदार, पण रणगाडे चिरडले की टाळ्या वाजवायचा. म्हणाला, जनावर मारायचं नसतं रं, परत पाठवायचं असतं. सूरज म्हणाला, आवं अण्णा, पब्लिकला शेवट पायजे. वाद झाला. चहा झाला. सुसर मरणारच असं ठरलं, रेकॉर्डिंग झालेलं आहे.

अण्णा निघताना कानात म्हणाला, तुला घालायचंय न्हवं ते? मी नाही म्हटलं. त्याला कळलं.

१७ ऑगस्ट, रवि.

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार.

आज पहिली चाल. वैभवनं सुसर घातली. आत गेला तेव्हा ठीक होता. चालायला लागला तर छाती काढून, हात लांब, आखाड्यात उतरल्यासारखा. घरं लाथा मारून उडवतोय. शाळा लाथेनं पटांगणाबाहेर. पोरं ओरडतायत, हळू, हळू. तो आतून ओरडतोय, लय गरम हुतंय, ड्रेस आवळतोय, शेपटी मधी येतीया. नाचता येईना अंगण वाकडं. चेन उघडून बाहेर आला तर नुसता पाण्यातून काढल्यासारखा, बसूनच राहिला. म्हणाला, ह्यात जीव घाबरतोय.

मी काही न बोलता पदर खोचला आणि आत शिरले. कुणी अडवायच्या आत. चेन वैभवनंच लावली.

आत अंधार, रेक्झिनचा आणि डिंकाचा वास. माझ्याच दुकानाचा वास. मानेतल्या भोकातून जेवढं दिसेल तेवढंच जग. उभी राहिले. श्वास घेतला. जनावर मोठं आहे, त्याला घाई नाही. आधी मान वळवली, मग खांदा, मग पाय उचलला आणि सगळं अंग त्या पायावर ठेवलं. दूधवाल्याचा गोठा गेला. राख वर आली. थांबले, गोठ्याकडे बघितलं, कारण त्यालाही कळत नाही आपण काय मोडलं ते. मग दुसरं पाऊल.

बाहेर चिडीचूप. मला वाटलं पोरं निघून गेली की काय. मान फिरवली तर सगळी उभी, मागे सरकलेली.

चेन उघडली. केस चिकटलेले, डोळ्यात घाम. वैभव म्हणाला, "काकी, तुमीच करा. मी रणगाडा ढकलतो."

आत्ता घरी, हातपाय दुखतायत, आणि मी एकटीच हसतेय. आत्ती दोनदा विचारून गेल्या, काय झालंय.

सुसर मी आहे.

१८ ऑगस्ट, सोम.

एवढ्यात कुठलं. सकाळीच सूरज मान खाली घालून दारात. तात्यांना कळलंय. त्यांचं म्हणणं, सोंग बाप्यानं घ्यायचं असतं, आजपर्यंत या गावात बाईनं सोंग घेतलेलं नाही, यात्रेत देवीचं सोंगही पुरुषच घेतो. आणि पुढचं सूरज म्हणाला नाही, मीच म्हटलं, आणि बाई विधवा. तो म्हणाला, काकी, आमचं तसं काय न्हाई. पण तात्यांनी चार वडीलधारी गोळा केलीयत, मंडळाला जागेची परवानगी त्यांच्याच हातात.

त्याला चहा दिला. त्याचा काय दोष. पण आतून पेटले. पूजेला बोलवू नका, हळदीकुंकवाला बोलवू नका, मी कधी तक्रार केली नाही. आता जनावरसुद्धा होऊ द्यायचं नाही? जनावराला कुठे कपाळ असतं?

वैभवचं माप होईल का पुन्हा, विचारलं सूरजनं. मी सुईत दोरा ओवायला घेतला.

२१ ऑगस्ट, गुरु.

नदी फुगली. पाणी घाटाच्या वर. सगळे दिवसभर पाण्याकडे बघत. तालीम बंद. वैभव येऊन सांगून गेला, काही झालं तरी तो घालणार नाही. भला पोरगा.

आत्ती दोन दिवस काही बोलत नाहीत. मी सांगितलं नव्हतं, पण आळीत काय लपतंय.

२४ ऑगस्ट, रवि.

पाणी उतरलं. आज देवळात वडीलधाऱ्यांची बैठक. मला बोलावलं नव्हतं. आत्तींनी काठी घेतली, म्हणाल्या, चल. मी म्हटलं, कशाला हात दाखवून अवलक्षण. ऐकेनात. सत्तर पार केलेली बाई, पायात चप्पल उलटी, भर दुपारी देवळात.

तात्या बोलत होते. गावाची रीत, मर्यादा, वगैरे. आत्ती खांबाला टेकून ऐकत राहिल्या, त्यांचं सगळं संपेपर्यंत. मग बोलल्या. शब्द न् शब्द लिहून ठेवते.

"आवं तात्या, तुमी देवीचं सोंग घ्येत हुता तवा लुगडं कुणाचं न्हेत हुता? माजं. चोळी पण माजीच. दर साली धुऊन दिली म्या. तवा मालक जाऊनबी माजी चार वरसं झाली हुती. इधवेचं लुगडं देवीला चाललं, आन माज्या सुनंला सुसर चालंना व्हय?"

कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसू दाबलं. तात्या वर बघेनात. त्यांना आठवत असणार, कारण कानापर्यंत लाल झाले. सूरजच्या बापानं विषय संपवला, म्हणाला, सोंग ते सोंग, आत कोण ह्ये कुणी बघू ने. चहा सांगितला.

एकच तडजोड. शेवट रेकॉर्डिंगप्रमाणे. फटाके वाजले की सुसर पडणार. मी कबूल केलं. मरायचंच असलं तर मरू, आधी उठू तर दे.

परत येताना मी आत्तींना विचारलं, हे एवढी वर्षं बोलला नाहीत. म्हणाल्या, कुणी इचारलं न्हाई.

२७ ऑगस्ट, बुध. चतुर्थी

गणपती आले. घरी मोदक, मंडळात मांडव. सुसर मांडवाच्या मागे खुंटीला टांगलीये. गणपती पुढे, ती मागे. येणारा जाणारा गणपतीला नमस्कार करतो आणि मागे जाऊन हिला बोट लावून बघतो.

तात्यांचा नातू निरोप घेऊन आला. देखाव्यात त्यांचं घर का नाही.

केलं. स्टीलच्या कठड्यासकट.

२ सप्टेंबर, मंगळ. सकाळ

काल गौरीपूजन, काल पहिला खेळ. सगळं आठवेल तसं लिहिते. घाई नाही, दुकान उशिरा उघडेन.

पटांगण भरलेलं. बायका गौरीच्या नव्या साड्यांत, माहेरवाशिणी, पलीकडच्या वस्तीवरची माणसं. दोराच्या आत थर्माकोलचं गाव, कडेला निळ्या कापडाची नदी, मी त्या कापडाखाली पालथी. अण्णा पहिल्या रांगेत, खुर्चीवर. रेकॉर्डिंग सुरू झालं. बोटीचा आवाज, वाळूवाल्यांची भांडणं. मग माझ्या पाठीवरचं कापड हलायला लागलं.

उठले. आधी काटे, मग पाठ, मग डोकं. डोळे वैभवनं बटण दाबून पेटवले. लोकांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढच्या रांगेतली लेकरं आयांच्या मांडीत शिरली. मी एक पाऊल टाकलं.

मग मी होते कुठे, सुसरच होती. शाळा गेली. टाकी गेली. सरपंचीणबाईंचा दुसरा मजला आधी, मग पहिला. तात्यांचं घर आलं. थांबले. मान तिरकी केली. कठडा चमकत होता. बाहेरून कुणीतरी ओरडलं, तात्या, हितं बसल्या बसल्या बेघर झालासा. पाय ठेवला. एवढी शिट्टी पडली की रेकॉर्डिंग ऐकू येईना. अण्णा उभा राहून टाळ्या वाजवत होता, गुडघ्यासकट.

आता फौज. वैभव आणि दुसरा पोरगा रणगाडे ढकलत आणणार, फटाक्यांची वात सूरजच्या हातात. मी वळले, पडायच्या जागेवर जायला. तर दोराखालून वाकून एक म्हातारी आत आली.

गुणाबाई. पलीकडच्या वस्तीवरची. त्यांचं घर काही वर्षांमागच्या खरोखरच्या पुरात गेलेलं, तेव्हापासून लेकीकडे. लेकीच्या गौरीची ओटी भरायला आणलेली पिशवी काखेत. पोरांनी हाका मारल्या, आजी, मागं या, फटाका हाय. थांबेनात. मोडलेल्या घरांतून, पाय बघत बघत, एकही घर न तुडवता सरळ माझ्यापुढे. सूरजनं वात खाली धरली. रेकॉर्डिंग आपलं चालूच, तोफांचा आवाज.

गुणाबाईंनी पिशवीतून हळद काढली, माझ्या रबराच्या पायांवर वाहिली. कुंकू वाहिलं. मग ओंजळीत तांदूळ, खण, नारळ घेऊन उभ्या राहिल्या. मला कळेना. मग एकदम कळलं. पूर चढला की आमच्या बायका काठावर जाऊन नदीची ओटी भरतात, बाई, घे आणि माघारी फिर, म्हणून. नदीतून उठलेलं काहीतरी घरं मोडत आलंय. म्हातारीला त्यावर जो उपाय माहीत होता तो तिनं केला. रणगाडे तिच्या हिशेबात नव्हतेच.

बटण बंद करा म्हणावं लागलं नाही, कुणीतरी तोफा बंद केल्या.

"माय," गुणाबाई म्हणाल्या, "लय झालं. तुजं तू घे आन माघारी जा."

ओटी घ्यायला पदर लागतो. मला पंजे. पोटावरचं रेक्झिन खाली सुटं ठेवलं होतं, वारा लागावा म्हणून. तेच दोन्ही पंज्यांनी उचलून धरलं. गुडघ्यावर बसले, नाहीतर त्यांचा हात पोचला नसता. तांदूळ पडताना आवाज आला. आत मी रडत होते, उघडपणे, कुणाला दिसणार होतं. हे गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. मी असल्याचं वाईट वाटून घेत नाही असंच मला वाटत होतं.

मग उठले आणि माघारी निघाले. पाठ न फिरवता, गुणाबाईंकडे तोंड करून, एक एक पाऊल, नदीपर्यंत. शेपटी कापडात, मग पाय, मग काटे. शेवटी फक्त डोळे. वैभवनं बरोबर वेळेला विझवले.

पडले नाही. मेले नाही. फटाके वाजले ते नंतर, आनंदाचे.

कापडाखालून बाहेर आले, डोकं काढलं. गुणाबाई मांडवामागे पाणी पीत बसल्या होत्या. माझ्याकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं. मी नारळ, खण पुढे केला, म्हटलं, आजी, मी होते आत, तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी पाणी संपवलं. "दिलेली वटी कुणी माघारी घेतं व्हय?" म्हणाल्या, आणि लेकीला शोधत गेल्या.

४ सप्टेंबर, गुरु.

काल आणि आज, दोन्ही खेळांना शेवट तोच. सूरजनं रेकॉर्डिंगचा शेवट कापून टाकला. रणगाडे येतात आणि नुसते उभे राहतात, अण्णा म्हणतो तेच त्यांचं काम. तो अजून इथेच आहे, जायचं नाव घेत नाही.

आणि ओटीला बायकांची रांग. आत कोण आहे हे आता साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे, तरी रांग. काल सरपंचीणबाई होत्या. आज तात्यांची सून. खण एवढे झालेत की आत्ती घड्या घालून दमल्या. पाटणहून कुणी व्हिडिओ बघून फोन केला, सुसर भाड्यानं मिळेल का. म्हटलं सुसर मिळेल, आतली बाई मिळेलच असं नाही. मग वाटलं, का नाही?

६ सप्टेंबर, शनि. अनंत चतुर्दशी

मिरवणूक. सुसर ट्रॉलीवर उभी, मी आत. गणपती विसर्जनाला घाटावर गेले तेव्हा मीही पाण्याच्या कडेपर्यंत गेले. खरी नदी, खऱ्या पाण्यात माझे रबराचे पाय. अण्णा म्हणाला, आता जा बघू आत. पोरांनी हसत हसत शेपटी धरून मागे ओढली.

७ सप्टेंबर, रवि.

आता तांदळाचा प्रश्न.

ओटीचे तांदूळ जिची ओटी भरली तिनं घरी शिजवून खायचे, ही रीत. पहिल्या दिवसाचे, गुणाबाईंचे, मी वेगळ्या डब्यात ठेवलेत. आळीत त्यावर मतं फुटलीयत. एकाचं म्हणणं, ओटी नदीची, तांदूळ नदीत सोडा. दुसऱ्याचं, सोंगाची, तेव्हा देवळात द्या. काहीजणींचं, शालनची, म्हणजे माझी, तेव्हा शालननं खावेत, त्यात काय. सकाळी वडीलधारी पुन्हा बसली होती म्हणे. काय ठरलं कळलं नाही.

दु. दुकान बंद. अण्णा गेला, डोळे पुसत, गुडघ्याचं कारण सांगून. घरात पुन्हा आम्ही दोघी. आत्तींनी डबा मागितला, उघडला, तांदूळ तळहातावर घेऊन बघितले. बऱ्यापैकी आहेत, म्हणाल्या, दोघींना हुतील. मी म्हटलं, दोघींना? त्यांची ओटी शेवटची कधी भरली असेल, मी विचारलं नाही. त्यांनी तांदूळ धुतले. स्वतः. मी पाणी ओतलं, झाकण लावलं, गॅस पेटवला. कुकर लावलाय आणि त्याच्याशेजारीच बसून हे लिहितेय.

बाहेर कडी वाजतेय. तात्यांचा आवाज, एकटे नाहीत, मागे आणखी कुणीतरी आहे. शालनबाई, तांदळाचं बोलायचंय, म्हणतायत. आवाजावरून राग आहे की काही मागणं आहे, काही कळत नाही.

मी उठायला लागले तर आत्तींनी हात धरून खाली बसवलं. शिट्ट्या हुईस्तवर बसूं दे त्यास्नी वट्ट्यावर, म्हणाल्या.

पहिली झाली.